पहिल्या वॅटचा हिशेब

पालघर, डहाणू, जव्हार या पट्ट्यातील वारली पाड्यांवर तारपा वाजू लागला की त्याचा स्वर शेतांपलीकडे पोहोचतो. वाळलेल्या भोपळ्याचा फुगा, त्यात बसवलेल्या बांबूच्या नळ्या आणि शेवटी ताडाच्या पानांचा, बाहेर रुंदावत जाणारा कर्णा, एवढीच त्याची घडण. एका माणसाचा श्वास भोवती फेर धरून नाचणाऱ्या साऱ्यांना पुरतो. यात नवल वाटण्यासारखे असले तरी जादू काही नाही. अरुंद नळीतून निघालेला ध्वनी एकदम मोकळ्या हवेत सुटला तर त्याचा बराच भाग मागे परततो. कर्णा त्याला हळूहळू रुंद होत जाणारी वाट देतो, म्हणून कमी दमात मोठा आवाज निघतो. घरी संगीत ऐकण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या ज्या स्पीकरांना उच्च कार्यक्षमतेचे म्हटले जाते, त्यांतील बहुतेकांच्या पोटात हीच युक्ती आहे. आणि असे स्पीकर ज्या घरात येतात, तेथे पुढचा प्रश्न हमखास ट्यूब अँप्लिफायरचा, म्हणजे जुन्या पिढीच्या भाषेत व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरचा असतो.

व्यापारी घरांना हा विषय टक्केवारीत सांगितला तर लवकर उमगतो. बाजारातील सामान्य स्पीकर एक वॅट विजेवर एक मीटर अंतरावर सुमारे ८७ डेसिबल आवाज देतो. याचा ढोबळ अर्थ असा, की अँप्लिफायरने शंभर रुपयांची वीज दिली तर तिच्यातील तीस पैशांचाच आवाज होतो. उरलेली सारी रक्कम तांब्याच्या वेटोळ्यात उष्णता होऊन जाते. ९७ डेसिबलच्या स्पीकरात शंभरातले तीन रुपये आवाजाच्या खात्यात जमा होतात आणि १०४ डेसिबलच्या मोठ्या कर्ण्यात पंधरा रुपयांच्या आसपास. डेसिबलच्या आकड्यात दहाची वाढ म्हणजे दहापट वीज वाचली, तीनची वाढ म्हणजे निम्मी. हे एक प्रमाण मनात पक्के असले की विक्रेत्याच्या तोंडचे निम्मे बोलणे आपोआप गळून पडते.

असे स्पीकर मुळात घरासाठी जन्मले नाहीत. बोलपट आला तेव्हा अँप्लिफायरमधून मोजकेच वॅट निघत. अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा ३००बी हा प्रसिद्ध व्हॉल्व्ह १९३८ चा. एकट्याने काम केले तर तो सात-आठ वॅटच देतो. तेवढ्यात शेकडो प्रेक्षकांपर्यंत आवाज न्यायचा, म्हणून चित्रपटगृहांच्या पडद्यामागे माणसाच्या उंचीचे कर्णे उभे राहिले. आपल्याकडे सार्वजनिक सभांची कथा वेगळी नव्हती. स्वातंत्र्यलढ्याच्या काळातील काँग्रेसच्या सभांच्या छायाचित्रांत नेत्यांपुढील ध्वनिक्षेपकावर मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’चे नाव दिसते, त्या आवाजामागेही व्हॉल्व्हच होते आणि मैदानात बांबूवर बांधलेले कर्णे. पॉल क्लिप्श या अमेरिकी अभियंत्याने १९४६ च्या सुमारास खोलीच्या कोपऱ्यालाच कर्ण्याचा भाग मानणारा स्पीकर आणला आणि ही विद्या दिवाणखान्यात शिरली.

मग ती मागे का पडली? १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांनी ‘अकूस्टिक रिसर्च’तर्फे बंद पेटीचा एक छोटा स्पीकर बाजारात आणला. एवढ्याशा पेटीतून इतका खोल खर्ज लोकांनी पूर्वी ऐकला नव्हता. त्याची किंमत कार्यक्षमतेत चुकवावी लागली. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींतून कोणत्याही दोनच गोष्टी पदरात पडतात. निसर्गाच्या या व्यवहारात घासाघीस चालत नाही. पुढे ट्रान्झिस्टरमुळे वॅट स्वस्त झाले, छोट्या पेट्यांना हवी तेवढी वीज मिळू लागली आणि मोठे कर्णे कोपऱ्यात गेले. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही एके काळी रेडिओचे व्हॉल्व्ह तयार होत. त्यांतील शिल्लक नग जुन्या बाजारात अधूनमधून दिसतात आणि हौशी माणसे ते जपून ठेवतात.

आता समजा, बोईसरमध्ये जुन्या यंत्रसामग्रीचा आणि भंगाराचा व्यापार असलेल्या एका घरात, बंद पडलेल्या चित्रपटगृहाच्या सामानातून कर्ण्याच्या स्पीकरांची जोडी आली. धाकट्याने ती वजनकाट्यावर चढू दिली नाही.

“पप्पा, हे वजनावर घालायचे नाहीत. घरी लावू. दादाजींच्या तबकड्या यावर ऐकू.”

“लाव की. पण वाजवणार कशाने? किती वॅटचे मशीन लागेल आणि किती रुपयांचे?”

वडिलांचा प्रश्न कोणत्याही जाणत्या व्यापाऱ्याचा आहे. मात्र त्याचे उत्तर अँप्लिफायरच्या दुकानात मिळत नाही. ते स्पीकरवर आणि खोलीवर लिहिलेले असते.

घराच्या दिवाणखान्यात साधारण तीन मीटरवर बसून ऐकणे होते. सरासरी ८० डेसिबल म्हणजे घरातल्या माणसांना मोठ्याने बोलावे लागेल इतका आवाज. संगीतातील क्षणिक उसळी, तबल्याची थाप किंवा तानेचा कळस, त्यावर आणखी वीसेक डेसिबल चढते. म्हणजे कानापाशी कधीमधी १०० डेसिबल हवे. अंतरामुळे होणारी घट, भिंतींवरून परतणारा ध्वनी आणि दोन स्पीकरांची बेरीज धरली तर प्रत्येक स्पीकरने एक मीटरवर १०४ डेसिबलच्या आसपास द्यावे लागते. आता हिशेब सरळ आहे. १०४ डेसिबलच्या कर्ण्याला एक वॅट पुरतो. ९७ च्या स्पीकरला पाच वॅट लागतात, ९० च्या स्पीकरला पंचवीस आणि ८७ च्या स्पीकरला पन्नास. यावर दुपटीची शिल्लक ठेवली तरी कर्ण्यांच्या घरात शंभर वॅटचे यंत्र आणणे म्हणजे किराणा दुकानात गाडीतळावरचा वजनकाटा बसवणे होय. अशा घरातील ऐकण्याचा बहुतेक वेळ पहिल्या वॅटच्या आत, पुष्कळदा त्याच्या शंभराव्या भागात सरतो. अँप्लिफायर त्या पहिल्या वॅटमध्ये कसा वागतो, एवढेच पाहायचे असते.

माहितीपत्रकावरील डेसिबलचा आकडा मात्र मोजूनमापून घ्यावा. खरे माप एक वॅटवर हवे; काही उत्पादक ते २.८३ व्होल्टवर देतात. आठ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर एक वॅट, पण चार ओहमच्या स्पीकरला दोन वॅट होतात आणि आकडा तीन डेसिबलने फुगतो. काहींच्या आकड्यात खोलीच्या भिंतींचा हातभारही मिळवलेला असतो. यात खोटेपणा असतोच असे नाही. पण मण आणि क्विंटल यांची गल्लत झाली की कोणाचे नुकसान होते, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

व्हॉल्व्हची निवड या हिशेबामागून येते. १९३३ चा २ए३ हा एकट्याने साडेतीन वॅटच्या आसपास देतो, ३००बी आठच्या आसपास. एकच व्हॉल्व्ह पूर्ण लहर पेलतो त्या रचनेला सिंगल-एंडेड म्हणतात. दोन व्हॉल्व्ह करवत ओढणाऱ्या दोन सुतारांप्रमाणे आळीपाळीने काम करतात ती पुश-पुल रचना. पुश-पुलमध्ये ईएल८४ च्या जोडीतून बारा ते पंधरा वॅट, ईएल३४ च्या जोडीतून पस्तीसेक आणि केटी८८ च्या जोडीतून पन्नासच्या आसपास मिळतात. १०० डेसिबलच्या पुढील कर्ण्यांना २ए३ पुरेसा आहे. ९५ ते ९८ च्या स्पीकरांना ३००बी किंवा ईएल८४ ची जोडी शोभते. ९० च्या आसपास ईएल३४ शिवाय चालत नाही. त्याखालील स्पीकरांसाठी ट्यूबच्या वाटेला जाऊ नये. चांगला ट्रान्झिस्टर अँप्लिफायर घ्यावा आणि वाचलेल्या पैशांत तबकड्या घ्याव्यात. ३००बी या नावाभोवती बरेच तेजोवलय आहे आणि त्या वलयाचेही पैसे बिलात लागतात. ईएल८४ चा साधा, नीट बांधलेला अँप्लिफायर त्याच्या निम्म्या मानाने विकला जातो आणि कित्येक घरांत अधिक समाधान देतो.

वॅटचा प्रश्न इतक्यावर संपतो. उरते ती गुणगुण, आणि कर्ण्यांच्या घरात खरी फसगत तिच्यामुळेच होते.

प्रत्येक ट्यूब अँप्लिफायरमधून घरगुती विजेची थोडी गुणगुण स्पीकरपर्यंत झिरपते. समजा ती फक्त एक मिलिव्होल्ट आहे. आठ ओहमच्या ८७ डेसिबलच्या स्पीकरात तिचा आवाज १८ डेसिबलच्या आसपास होतो. रात्रीच्या शांततेतही तो कोणाला ऐकू येत नाही. तोच एक मिलिव्होल्ट १०४ डेसिबलच्या कर्ण्याला दिला तर ३५ डेसिबल होतो. गाणे थांबले की खोलीत भुंगा फिरत असल्यासारखे वाटू लागते. अँप्लिफायर तोच, दोष तेवढाच. स्पीकरच्या प्रामाणिकपणामुळे तो उघडा पडतो. म्हणून जे यंत्र शेजारच्या घरी उत्तम वाजते ते आपल्या घरी असह्य होऊ शकते, आणि दोन्ही घरे आपापल्या जागी खरी असतात.

३००बी आणि २ए३ यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. त्यांच्या आतली तापणारी तारच ध्वनीच्या मार्गात असते. तिला एसी वीज दिली तर तिची थरथर थेट आवाजात उतरते. चांगले बनवणारे तेथे शुद्ध डीसी देतात किंवा मेहनतीने समतोल साधतात. विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारावा. दुसरा प्रश्न आकड्याचा असावा: स्पीकरच्या जोडणीवर, आवाजाची कळ शून्यावर असताना, किती मिलिव्होल्ट गुणगुण उरते? १०० डेसिबलच्या वरच्या स्पीकरांसाठी अर्धा मिलिव्होल्ट किंवा त्याहून कमी उत्तर हवे. हे मोजायला मिलिव्होल्टची एसी श्रेणी असलेला मल्टीमीटर लागतो. इलेक्ट्रिशियनच्या खिशातील स्वस्त मीटरची सर्वांत लहान एसी श्रेणी बहुधा २०० व्होल्टची असते आणि तिच्यावर सर्व अँप्लिफायर निर्दोष दिसतात.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात रस्त्याच्या गजबजाटात ही गुणगुण कानांनी शोधणे व्यर्थ आहे. दुकानातला गोंधळच तिच्याहून कितीतरी मोठा असतो. तिला रात्रीचे घर लागते.

गुणगुण घालवण्यासाठी काही जण एक घातक उपाय सुचवतात: तीन पिनांच्या प्लगमधील अर्थिंगची पिन काढून टाकणे. गुणगुण कधी कधी खरोखर थांबते. त्याच क्षणी अँप्लिफायरच्या लोखंडी सांगाड्याचे संरक्षणही संपते, आणि आतला एखादा तारेचा तुकडा सुटला तर त्या सांगाड्याला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतते. हा उपाय कोणीही, एका संध्याकाळीपुरताही करू नये. दोन उपकरणांतील जोडणीची वाट बदलून, सर्व उपकरणे एकाच प्लगच्या पट्टीवर आणून, किंवा ध्वनीच्या मार्गात योग्य ट्रान्सफॉर्मर घालून तोच प्रश्न सुटतो.

ट्यूब अँप्लिफायरमध्ये ३०० ते ५०० व्होल्टचा डीसी दाब खेळत असतो. ८४५ सारख्या मोठ्या व्हॉल्व्हांत तो हजारापर्यंत जातो. लहान मुलांच्या घरात ही जात आणूच नये. यंत्र बंद करून प्लग काढल्यावरही आतील कपॅसिटरांत भार साठून राहतो. घराच्या फलकावर ईएलसीबी बसवलेले आहे म्हणून निर्धास्त राहणारे पुष्कळ असतात. पण हा उच्च दाब ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूस असतो. तेथे बसलेला झटका त्या उपकरणाला कळत नाही आणि ते वीज तोडत नाही. शिवाय शक्तीचे व्हॉल्व्ह वाजताना काचेवर २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतात. त्यांवर जाळीचे झाकण असलेलाच अँप्लिफायर घ्यावा. छायाचित्रांत झाकण काढलेले असते कारण तांबूस प्रकाश सुंदर दिसतो. घरात नातवंडे असतात.

स्पीकरशी जुळणीचा मुद्दा कानाला लवकर कळतो, पण त्याचे कारण कळायला वेळ लागतो. आठ ओहमचा म्हणून विकलेला स्पीकर सर्व स्वरांना आठ ओहम नसतो. कोठे तो चारवर उतरतो, कोठे चोवीसवर चढतो. अँप्लिफायरचा स्वतःचा अंतर्गत रोध अगदी कमी असेल तर याने बिघडत नाही. फीडबॅक न वापरणाऱ्या सिंगल-एंडेड अँप्लिफायरमध्ये मात्र तो दोन-तीन ओहम असू शकतो. तीन धरला तर चार ओहमच्या जागी आणि चोवीस ओहमच्या जागी मिळणाऱ्या आवाजात जवळजवळ चार डेसिबलचा फरक पडतो. कोणाच्या कानाला तो गोडवा वाटतो, कोणाला गायिकेच्या गळ्यात सर्दी झाल्यासारखे वाटते. “ट्यूबचा आवाज ऊबदार असतो” या प्रसिद्ध वाक्याचा बराचसा भाग या जुळणीत सापडतो. म्हणूनच दुसऱ्याच्या स्पीकरवर ऐकून पसंत केलेला अँप्लिफायर स्वतःच्या स्पीकरवर वेगळे गाऊ लागतो. स्पीकरच्या रोधाचा आलेख मिळाला तर पाहावा. तो बऱ्यापैकी सपाट असेल तर मोकळेपणाने निवड करावी, नसेल तर थोडा फीडबॅक असलेली पुश-पुल रचना शहाणपणाची.

बोईसरच्या घरातील चित्रपटगृहाच्या जोडीपुढे आणखी एक अडचण येते. जुने व्यावसायिक स्पीकर पुष्कळदा १६ ओहमचे असतात. अँप्लिफायरच्या मागे १६ ओहमची जोडणी आहे का, हे आधी पाहावे. नसली तरी आठच्या जोडणीवर १६ ओहमचा स्पीकर चालतो, थोडी शक्ती कमी मिळते इतकेच. मंडपवाल्याकडील पत्र्याचा कर्णा मात्र या कामाला घेऊ नये. त्याच्या आत बहुधा लांब तारांसाठीचा लाइन ट्रान्सफॉर्मर असतो आणि तो खर्जाला हातच लावत नाही. आणि कोणताही ट्यूब अँप्लिफायर स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नये. भार नसताना आतील ट्रान्सफॉर्मरमध्ये इतका दाब चढतो, की त्याचे वेटोळे जळू शकते.

या ट्रान्सफॉर्मरलाच अँप्लिफायरचे खरे भांडवल म्हणावे. व्हॉल्व्हचा उच्च दाब आणि अल्प प्रवाह स्पीकरला मानवेल अशा रूपात बदलणारा हा आउटपुट ट्रान्सफॉर्मर खर्जापासून तारसप्तकापर्यंत सारे स्वर पेलतो. व्हॉल्व्ह उद्या बदलता येतील. ट्रान्सफॉर्मर बदलणे म्हणजे जवळजवळ नवे यंत्र घेणे. सिंगल-एंडेड रचनेत त्यातून सतत डीसी प्रवाह वाहत असल्याने गाभ्यात हवेची फट ठेवावी लागते आणि लोखंड बरेच जास्त लागते. त्यामुळे एक जुनी व्यापारी कसोटी येथेही लागू पडते: माल उचलून पाहावा. सारख्या शक्तीच्या दोन यंत्रांत एक बरेच हलके असेल तर कोठे काटकसर झाली हे उघड आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या आसपास मोटारी आणि विजेचे ट्रान्सफॉर्मर भरून देणारे कुशल कारागीर मिळतात. त्यांचे काम ५० हर्ट्झच्या एकाच लहरीचे असते. ध्वनीच्या ट्रान्सफॉर्मरात आतले थर एकमेकांत गुंफून भरावे लागतात. जळलेला पॉवर ट्रान्सफॉर्मर त्यांच्याकडून भरून घेता येईल, आउटपुटचा मात्र त्या विद्येत तरबेज माणसाकडेच द्यावा.

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज निर्माण करते; त्याच्या परिसरातील घरांनी तरीही आपल्या भिंतीवरील दाब स्वतः मोजलेला बरा. प्रमाण दाब २३० व्होल्ट. एका आठवड्यात सकाळ, संध्याकाळ आणि कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी मीटर लावून वहीत नोंद करावी. परदेशातून आलेले कित्येक अँप्लिफायर २२० व्होल्टसाठी गुंडाळलेले असतात. घरात २४५ व्होल्ट येत असतील तर व्हॉल्व्हच्या ६.३ व्होल्टच्या हीटरला सात व्होल्ट मिळू लागतात, सर्व दाब अकरा टक्क्यांनी वाढतात आणि व्हॉल्व्हचे आयुष्य झपाट्याने घटते. पॉवर ट्रान्सफॉर्मरवर २३० किंवा २४० ची जोडणी आहे का, हे खरेदीपूर्वी लेखी विचारावे. ११० व्होल्टचे यंत्र स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये.

चिंचणी, तारापूर, सातपाटी, केळवे या किनाऱ्याच्या गावांत खारी हवा आहे. चातुर्मासाच्या महिन्यांत ओल भिंतीत उतरते तशी ती व्हॉल्व्हच्या सॉकेटमध्येही उतरते, आणि पिनांवर गंज धरला की चरचर सुरू होते. पावसाळ्यात यंत्र आठवड्यातून दोनदा तरी तासभर चालवावे, म्हणजे आतील उष्णता ओल काढून टाकते. भिंतीतल्या बंद कपाटात ते ठेवू नये. वरून आणि मागून हवा खेळती हवी.

चालू खर्च कोणी सांगत नाही, म्हणून तो येथे मांडलेला बरा. ३००बी चा दोन बाजूंचा अँप्लिफायर सोळा वॅट आवाजासाठी भिंतीतून १५० वॅटच्या आसपास सतत घेतो, गाणे हळू असो की मोठे. रोज चार तास म्हणजे महिन्याला अठरा युनिट. ही रक्कम फार नाही. व्हॉल्व्हचा खर्च अधिक. शक्तीचे व्हॉल्व्ह साधारण दोन ते पाच हजार तास टिकतात. रोज चार तासांनी वर्षाला १४६० तास होतात, म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी संच बदलणे आले. आजचे व्हॉल्व्ह मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन येथून येतात. मार्च २०२२ मध्ये रशियातून निर्यात थांबणार अशी बातमी आली तेव्हा जगभरच्या बाजारात धावपळ झाली होती. दुर्मीळ व्हॉल्व्हवर चालणारे यंत्र घेण्याआधी ही गोष्ट आठवावी. ईएल८४ आणि ईएल३४ अनेक कारखान्यांत बनतात, म्हणून त्यांची चिंता कमी. शिवाय बायस आपोआप सांभाळणारी रचना घ्यावी. नाहीतर प्रत्येक संचाबरोबर जाणकाराला बोलवावे लागते, आणि बोईसरपासून तो जाणकार बहुधा लोकलच्या लांबच्या प्रवासावर राहतो.

बोईसरच्या त्या घरासाठी मग काय ठरते? कर्णे १०० डेसिबलच्या पुढचे, खोली मध्यम, घरात लहान मुले, दाब थोडा चढा. २ए३ चा अँप्लिफायर शक्तीच्या दृष्टीने पुरेसा, पण गुणगुणीच्या कसोटीवर उतरला तरच. जाळीचे झाकण, १६ ओहमची जोडणी, २४० व्होल्टची सोय आणि थोडा फीडबॅक असलेला ईएल८४ पुश-पुल हा अधिक सुरक्षित सौदा ठरतो. वडिलांच्या दृष्टीने त्याची किंमतही बोलण्यासारखी आहे. मुलाचे मन ३००बी वर असेल तर तो हट्ट दोन-तीन वर्षांनी, कान तयार झाल्यावर पुरवता येतो. कर्णे तोवर कोठे जात नाहीत.

पैसे मोजण्यापूर्वी एक गोष्ट विक्रेत्याशी बोलून घ्यावी. कापडाच्या आणि जवाहिराच्या बाजारात माल जांगड देण्याची रीत आहे. अँप्लिफायरही आठ दिवस जांगड मागावा, हवे तर अनामत ठेवून. महागड्या वस्तूचे काही विक्रेते याला तयार होतात. घरी आणल्यावर आपले स्पीकर, आपली वीज आणि आपली खोली यांत तो बसवावा. पहिल्या रात्री पंखा बंद करून, आवाजाची कळ शून्यावर ठेवून, बसायच्या जागेवरून कान द्यावा आणि मग कर्ण्याच्या तोंडाशी जाऊन ऐकावे. बसायच्या जागेवरून भुंगा ऐकू आला तर दुसऱ्या दिवशी खोका बांधावा. तो ऐकू आला नाही तर दादाजींना बोलवावे, तबकडी त्यांनाच निवडू द्यावी आणि आवाज त्यांच्या नेहमीच्या पातळीवर ठेवावा.